पाकिटाच्या कोपऱ्यातलं जग

"अगं, त्या कपट्यांचं तू शेवटी करणार आहेस तरी काय?" हा प्रश्न आमच्या घरात गेली पन्नास वर्षं दर दिवाळीच्या साफसफाईला निघतो. आधी सासूबाई विचारायच्या, मग हे विचारू लागले, आता सून विचारते. तिचा सूर जरा गोड असतो, इतकंच. माळ्यावर बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे, कपाटात सहा अल्बम आणि पलंगाखाली बुटांचं एक खोकं, एवढा माझा हा संसारातला संसार. त्यात आहेत देशोदेशींची पोस्टाची तिकिटं.

मैत्रिणींनो, हा छंद शाळकरी मुलांचा, असं आपल्याकडे समजतात. माझ्या माहेरी, साताऱ्याला, तसंच होतं. दादा तिकिटं जमवायचा. पाकिटावरची तिकिटं भिजवायची, वाळवायची आणि निवडायची हे माझं काम. चिकटवायचं त्याने, आणि वही अर्थातच त्याच्या नावाची. १९७४ साली लग्न होऊन अलिबागला यायला निघाले तेव्हा मी दादाकडे जास्तीची, म्हणजे दुबार झालेली तिकिटं मागितली. त्याने चाळीस मोजून दिली. रुखवतात ती कुणाला दिसली नाहीत, पण माझ्या लेखी तेच माझं स्त्रीधन होतं.

अलिबागेत आल्यावर मला कळलं की परदेशची तिकिटं जमवायला परदेशी जावं लागत नाही. गावात कुणाकुणाला बाहेरची पत्रं येतात एवढं ठाऊक असलं की पुरे. कुणाचा मुलगा बोटीवर असायचा, त्याची पाकिटं आज पनामाची तर उद्या जपानची. कुणाचे यजमान कुवेतला, कुणाची नणंद इंग्लंडात. नव्या सुनेने लोकांच्या पत्रांची चौकशी करत हिंडायचं म्हणजे लाजच वाटायची. मग मी वाटीभर आमसुलं किंवा चार कुरडया घेऊन जायची आणि निघताना हळूच म्हणायची, "पाकीट टाकू नका हं, मला तिकीट हवंय." बहुतेक जणी हसून द्यायच्या. आपल्या घरचं पत्र कुणाला तरी हवंसं वाटतंय, ह्याचंच त्यांना कौतुक असायचं.

मी ठरवलं होतं की देश तेवढा मिळवायचा, प्रत्येकाचं निदान एक तिकीट. हौशी संग्राहकाने सुरुवात अशीच करावी असं मला अजूनही वाटतं. फुलंच, पक्षीच, आगगाड्याच असं एकाच विषयाचं जमवणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे अल्बम दिसतातही देखणे, पण सगळ्या जगाची खोड लागली की भूगोल आपोआप घरात येतो.

ही वस्तू तशी फार जुनी नाही. पहिलं तिकीट चालू झालं ते इंग्लंडात, ६ मे १८४० रोजी. एक पेनीचं, काळ्या रंगाचं, त्यावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. त्याआधी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याने मोजायचे, आणि तेही किती लांबून आलं, आत किती कागद आहेत ह्यावर. रोलंड हिल ह्या गृहस्थाने सुचवलं की पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरावेत, आणि देशात कुठेही पाठवा, हलक्या पत्राला दर एकच असावा. पुढे सगळ्या जगाने हीच रीत उचलली. आपल्याकडे सिंध प्रांतात १८५२ साली बार्टल फ्रिअर ह्यांनी तिकिटं काढली, ती आशियातली पहिली. हेच फ्रिअरसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यातलं लाल तिकीट लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं असायचं आणि हाताळताना तडकायचं, म्हणून आज ते दुर्मीळ. १८५४पासून सगळ्या हिंदुस्थानसाठी तिकिटं निघाली. १९२६पासून ती नाशिकला छापली जाऊ लागली. त्याआधी बहुतेक काळ ती छापून यायची लंडनहून!

तिकीट इंग्लंडने आधी काढलं म्हणून एक मान त्यांना अजून आहे. त्यांच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं, राजाचं किंवा राणीचं तोंड असलं की झालं. बाकी सर्वांनी नाव छापायचं. पण ते आपल्याला कळेल असं थोडंच छापतात! 'हेल्व्हेशिया' नावाचा देश मी दोन महिने नकाशात शोधत होते. सासूबाईंच्या औषधासाठी डॉक्टरांकडे गेले असताना त्यांनी सांगितलं, ते स्वित्झर्लंड. त्या देशात चार भाषा चालतात, म्हणून तिकिटावर कुठल्याच एका भाषेतलं नाव न घालता जुनं लॅटिन नाव घालतात. 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'मग्यार' असेल तर हंगेरी, 'नॉर्गे' नॉर्वे, 'श्किपेरिया' असं काही दिसलं तर अल्बानिया. रशियाच्या जुन्या तिकिटांवर आपल्याला 'सीसीसीपी' दिसतं, पण ती रशियन अक्षरं असल्यामुळे वाचायचं 'एसएसएसआर'. हे सगळं मी स्वयंपाकाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. पुढच्या पानांवर रॉकेल आणि तूरडाळ, मागे अल्बानिया.

गंमत अशी की ह्यातले काही देश अल्बममध्येच राहिले, नकाशावरून गेले. पूर्व जर्मनी १९९० साली पश्चिम जर्मनीत मिसळली, सोव्हिएत संघ १९९१च्या अखेरीस मोडला, १९९३च्या पहिल्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. सिलोनची श्रीलंका तर मी अलिबागेत यायच्या आधीच, १९७२ साली झाली होती. नातू परवा अल्बम चाळताना म्हणाला, "आजी, हे देश चुकीचे आहेत." चुकीचे कसले, त्यांची पत्रं आली आहेत माझ्या शेजाऱ्यांकडे! आपल्या दाराशीही असा एक गेलेला 'देश' आहे. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तिथे पोर्तुगीज इंडियाची वेगळी तिकिटं चालत. त्यांवर किंमत रईस, तांगा आणि रुपयांत असे, शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती एस्कुदोत आली. आमच्या आळीतल्या एका म्हापशाच्या माहेरवाशिणीने आईच्या जुन्या पत्रांवरची सहा मला दिली. त्या तिकिटांनी म्हापशाहून अलिबागला येणारं पत्र म्हणजे परदेशी टपाल, हे तिच्या मुलांना खरंच वाटत नाही.

आपल्या देशाची तिकिटं जमवताना मात्र मी एक वेगळं पान ठेवलं आहे, बायकांचं. इंग्रजी अमदानीत राणीचं तोंड होतंच म्हणा, पण भारताच्या तिकिटावर आपली पहिली स्त्री आली ती १९५२ साली, संत मीराबाई. मग १९५७ साली झाशीची राणी, १९६२ साली रमाबाई रानडे, १९८९ साली पंडिता रमाबाई, १९९८ साली सावित्रीबाई फुले. सावित्रीबाईंना जाऊन तेव्हा एकशे एक वर्षं झाली होती, बराच उशीर केला म्हणायचा. बायकांच्या ह्या पानावर मी एका पुरुषालाही जागा दिली आहे, महर्षी धोंडो केशव कर्वे. १९५८ साली त्यांना शंभर वर्षं पुरी झाली आणि तिकीट निघालं ते पाहायला ते स्वतः हयात होते.

आता थोडं कामाचं, कारण पत्रं पाठवून विचारणाऱ्या मैत्रिणींना हेच हवं असतं. पाकिटावरून तिकीट कधीही ओढून काढू नये, पाठचा कागद उलतो आणि तिकीट पातळ होतं. भोवती बोटभर कागद ठेवून कापावं आणि पसरट ताटात साध्या किंवा किंचित कोमट पाण्यावर, चित्र वर करून, तरंगत सोडावं. पंधरा-वीस मिनिटांत गोंद सुटतो आणि तिकीट आपोआप सरकतं. नाही सरकलं तर आणखी थोडा वेळ द्यावा, नखाने खरवडू नये. लाल, जांभळ्या, खाकी पाकिटांवरची तिकिटं वेगळ्या ताटात घ्यावीत. त्यांचा रंग सुटतो, अगदी नव्या ओढणीसारखा! एका लग्नपत्रिकेच्या पाकिटाने माझा अख्खा डेन्मार्क गुलाबी करून टाकला होता. मग तिकिटं टीपकागदावर पालथी ठेवून वाळवायची आणि जराशी ओलसर असतानाच जाड पुस्तकाखाली दाबायची, म्हणजे गोळा होत नाहीत. वाळवताना पंखा बंद ठेवा. आमच्या ह्यांनी एकदा उकडतंय म्हणून लावला आणि चाळीस देश पलंगाखाली गेले.

अलीकडची कित्येक परदेशी तिकिटं स्टिकरसारखी असतात. ती पाण्यात सुटत नाहीत, उगाच लगदा होतो. ती कागदासकट नीट चौकोनी कापूनच ठेवावीत. आणि कोरं, न वापरलेलं तिकीट तर पाण्याला दाखवूच नये, त्याच्या पाठचा गोंद शाबूत असण्यातच त्याची किंमत असते. अल्बममध्ये खळ, डिंक, सेलोटेप काहीही लावायचं नाही. दादाची वही खळीने भरलेली होती, तिची अर्धी पानं कसरीने खाल्ली. हिंज नावाच्या पातळ कागदी चिठ्ठ्या मिळतात, किंवा पट्ट्यांचं स्टॉकबुक घ्यावं, त्यात तिकीट नुसतं खोचायचं. उचलायला चिमटा गुळगुळीत, चपट्या टोकाचा हवा. भुवयांचा चालत नाही. आमच्यासारख्या कोकणातल्या बायकांचा खरा शत्रू पावसाळा. अल्बम आडवे रचू नयेत, पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, भिंतीला टेकवू नयेत. बुटांच्या आणि पर्सच्या खोक्यांतून ज्या दाणेदार पुड्या येतात, त्या मी कपाटात टाकते, आणि उघडीप पडली की अल्बमची पानं सावलीत उघडून वारा देते.

तिकीट कापून घ्यावं असं वर लिहिलं खरं. पण कापण्याआधी काय करायचं, ते मी फार महाग शिकले, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

अलिबागेत इस्रायल आळी आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे, शनवार पाळणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांची ही वस्ती. १९४८ साली इस्रायल झाल्यावर त्यांतली पुष्कळ कुटुंबं तिकडे गेली. आळीत एक मावशी होत्या. त्यांचा धाकटा भाऊ साठच्या सुमारास गेला होता. दोन-तीन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं, आत शुद्ध मराठीत, आणि पाकिटावर इस्रायलची तिकिटं. ती फार सुंदर. काही तिकिटांखाली मजकूर छापलेली कागदाची शेपटी जोडलेली असते, ती शेपटीसकट असली तर अधिक मोलाची. मावशींचं आणि माझं ठरलेलं होतं. पत्र त्यांचं, पाकीट माझं. मी कोपरा कापून घ्यायची, उरलेलं पाकीट बंबात.

१९९० सालची गोष्ट. असंच एक पत्र आलं. मावशींना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं, नात शाळेतून आली की वाचून दाखवायची. मी मटार आणायला निघाले होते, दारातच पाकीट पाहिलं. तिकीट नवीन होतं. म्हटलं, "मावशी, नेऊ का?" त्यांनी पत्र काढून घेतलं आणि पाकीट मला दिलं. संध्याकाळी कोपरा ताटात तरंगत होता आणि बाकीचं पेटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः आल्या. पत्रात भावाने लिहिलं होतं, घर बदललं, गावही बदललं, नवा पत्ता पाकिटाच्या पाठीवर लिहिला आहे, तेवढा जपून ठेव.

मी काय बोलणार? त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांनी जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. चार महिन्यांनी ते परत आलं, वर हिब्रूत शिक्का. भावाचंही पुढे पत्र आलं नाही. ते परत आलेलं पाकीट घेऊन मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हे घे गं. ह्यावर आपलंच तिकीट आहे, पण तुला चालेल." माझ्या संग्रहातलं अख्खं ठेवलेलं पहिलं पाकीट ते. १९९६ साली मावशी गेल्या. तोवर शेजारीपाजारी आलेली पाकिटं त्या माझ्यासाठी मागून आणत राहिल्या. मी घेत राहिले, कारण नको म्हणणं जास्त अवघड होतं.

२००८ साली त्यांची तीच नात, आता ठाण्याला संसार करणारी, मुलाला घेऊन आली. मुलगा अल्बम पाहत होता. इस्रायलच्या पानावर ती थांबली. शेवटच्या तिकिटावर काळ्या शिक्क्याचा पाव भाग उमटला होता, त्यात इंग्रजी तीन अक्षरं, डी-ओ-डी. अठरा वर्षं ती अक्षरं मी पाहत होते, पण तिकिटं पाहणारी मी, शिक्का म्हणजे चित्र खराब करणारा डाग असंच मानत आले होते. तिने नकाशा काढला. अश्दोद! पुष्कळ मराठी कुटुंबं तिथे राहतात. नातेवाइकांकरवी विचारत विचारत तीन महिन्यांत घर सापडलं. मामा नव्हते. १९९०च्या हिवाळ्यातच त्यांना अर्धांगवायू झाला होता, हात गेला, आणि मुलांना मराठी बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. बहिणीचं उत्तर का आलं नाही, हे ते शेवटपर्यंत विचारत होते म्हणे.

तेव्हापासून मी कुणाच्याही पाकिटाला लगेच कात्री लावत नाही. आधी घरच्यांना विचारायचं, पाठीमागे काही लिहिलंय का, पत्ता उतरवून घेतलाय का. मगच घ्यायचं. जुनं पाकीट असेल तर अख्खंच ठेवायचं. व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच बरोबर. नुसत्या तिकिटापेक्षा शिक्का, तारीख, पत्ता असलेल्या जुन्या पाकिटाला जाणकार पुष्कळदा जास्त मानतात, कारण पत्र कुठून कुठे गेलं ते त्यावर वाचता येतं. पलंगाखालचं बुटांचं खोकं त्यासाठीच आहे.

किमतीचा विषय निघालाच आहे तर, फार आशेवर राहू नका. ब्रिटिश गियानाचं १८५६ सालचं एक सेंटचं तिकीट एका शाळकरी मुलाला १८७३ साली घरच्या जुन्या कागदांत सापडलं. त्याने ते सहा शिलिंगांना विकलं, आणि २०१४च्या लिलावात त्याला जवळजवळ ९५ लाख डॉलर आले. असं एकच आहे. आपल्या डब्यातली बहुतेक तिकिटं रुपया-दोन रुपयांची. दुकानात शंभर देशांचं पाकीट मिळतं, त्यातली कित्येक तर कधी पत्रावर बसलेलीच नसतात. संग्राहकांना विकायचं म्हणून छापखान्यातूनच शिक्का मारून येतात. उलटून पाहा, पाठीला गोंद तसाच असतो. मुलांच्या सुरुवातीला ठीक आहेत.

आता पत्रंच येत नाहीत, मग तिकिटं कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. डेन्मार्कच्या पोस्टाने २०२५च्या अखेरीस पत्रं पोचवण्याचं कामच बंद केलं, चारशे वर्षांनी. तरी मार्ग आहेत. मोठ्या पोस्ट ऑफिसांत तिकीटसंग्राहकांची वेगळी खिडकी असते. तिथे फिलाटेली खातं उघडलं की नवीन तिकिटं घरपोच येतात. आपल्याकडे २००६ साली चंदनाच्या वासाचं तिकीट निघालं, २०११ साली खादीवर छापलेलं गांधीजींचं. स्वित्झर्लंडने २००० साली चक्क भरतकाम केलेलं काढलं. ते मला सुनेने वाढदिवसाला दिलं, तेव्हापासून साफसफाईच्या वेळी मी तिला काही बोलत नाही. 'पोस्टक्रॉसिंग' म्हणून २००५ साली एका पोर्तुगीज तरुणाने सुरू केलेली खटपट आहे. त्यात अनोळखी माणसाला एक कार्ड पाठवलं की दुसऱ्या अनोळखी माणसाचं एक आपल्याला येतं. माझी सून त्यात आहे, पत्ता लिहायचं काम माझं. आणि घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर शाळेत चौकशी करा. २०१७ साली पोस्टखात्याने 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती सुरू केली, तिकीटसंग्रह करणाऱ्या मुलांना वर्षाला ६,००० रुपयांची. परीक्षा असते, प्रकल्प करावा लागतो, तेव्हा आईलाही थोडं बसावं लागणार.

माझ्या जगात अजून भोकं आहेत. भूतानने १९७०च्या दशकात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी, खरोखर वाजणारी तिकिटं काढली होती, त्यातलं एकही मला मिळालेलं नाही. कुणा मैत्रिणीकडे जोडी असली तर बदली करायला मी तयार आहे. माझ्याकडे सिलोनची सात जास्तीची आहेत, आणि गुलाबी झालेला डेन्मार्क हवा तेवढा.